नानांना उधन्याचा पत्ता

अमळनेर स्टेशनावर नानांनी माझी पेटी डब्यात चढवली आणि चटकन खाली उतरले. गाडी सुटायला अजून वेळ होता, पण त्यांना भीती, चुकून आपणही सुरतेला पोचू. माझं नवं लग्न, नवरा सुरतेजवळ उधन्याला नोकरीला, त्याच्यामागे मी निघालेली. खिडकीतून विचारलं, "नाना, तुम्ही कधी येणार?" तर माझे वडील म्हणाले, "मी नाही यायचो. तिथलं पाणी मला मानवत नाही." त्यांनी सुरत पाहिलीसुद्धा नव्हती. न पिताच पाणी कसं कळलं, असं मायनं विचारलं. "ऐकलंय," म्हणाले, आणि सिग्नलकडे बघत बसले.

ते खरंच कधी आले नाहीत. मला पोरं झाली, खोल्या बदलल्या, नवऱ्याची नोकरी उधन्याहून इच्छापोरला गेली, घर मात्र उधन्यातच राहिलं. नाना दर वेळी फोनवर विचारायचे, "पाणी कसं आहे?" मी चिडून म्हणायची, पाण्यासारखं आहे. गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे मजेत रुळलो. रुळलो म्हणजे काय, तर दूधवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि अहिराणी फक्त फोनवर, तीही रेंज असली तर. माझा मुलगा आजीच्या अहिराणीला हिंदीतून उत्तर देतो. आणि माझ्यासारखेच निघून आलेल्यांनो, तुम्हाला तर सांगायलाच नको. सुट्टी लागली की गावाकडे पळायचं, आणि तिथं दोन दिवस झाले की इकडची आठवण काढायची. माझा पाय कुठेच ठरत नाही.

गेल्या वर्षी नाना गेले. मायला मी इकडे घेऊन आले. ती आली, पण राहिली नाही, असंच म्हणायला हवं. तिची पिशवी पलंगाखाली भरलेलीच. लुगडं काढायचं, धुवायचं, घडी करून परत पिशवीत. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, त्यात तिनं लसूण ठेवला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की गावी जायचं, हे तिचं ठरलेलं. नानांची ही पहिलीच आखाजी. आमच्या खानदेशात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या ठेवतात. त्यांना नाव घेऊन जेवायला बोलावतात. पहिल्या वर्षी ही घागर चुकवायची नसते. मी मायला शब्द दिला होता, मीच घेऊन जाईन.

त्याच दिवसांत शाळेनं नवीन काम गळ्यात घातलं. मी उधन्याच्या एका इंग्रजी शाळेत भाषा शिकवते. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, सहावी ते आठवीचा भाषेचा कोर्स नव्यानं आखायचा, जगभरातलं साहित्य घ्यायचं. "बेन, कोर्स इंटरनेशनल लागवो जोईए." म्हणजे कोर्स आंतरराष्ट्रीय वाटला पाहिजे. एप्रिलमध्ये ट्रस्टींसमोर एक तास घेऊन दाखवायचा. आवडला तर कोर्स माझा, नाहीतर अहमदाबादच्या कंपनीचा तयार कोर्स विकत घेणार. मला तो कोर्स हवाच होता. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, एकदा तरी आपण ठरवलेलं शिकवावं असं फार वाटत होतं. प्रिन्सिपल मॅडमनी दाखवण्याची तारीख सांगितली, मी लगेच हो म्हटलं.

मग काय, जेवताना जपान, भाजी निवडताना केनिया. आधी मी प्रत्येक देशाची एक गोष्ट, एक झेंडा आणि शेवटी प्रश्न असं आखलं. वर्गात थोडं वाचून पाहिलं तर पोरं जांभया द्यायला लागली. आमच्या वर्गात निम्मी खानदेशी, बाकी ओडिशाची, यूपीची. कुणाचे वडील पलसाण्याच्या डाइंगमध्ये कापड रंगवतात, कुणाचे लूमवर विणतात. त्यांना झेंड्याचं काय? सगळं फाडून परत बसले. मग ठरवलं की देश कुठलाही असो, धडा घर सोडलेल्या माणसांचाच घ्यायचा. पहिला धडा मेक्सिकोचा लिहिला. तिथं एका सणाला मेलेली माणसं घरी येतात म्हणून त्यांच्यासाठी पाणी ठेवतात, आवडीचं जेवण मांडतात, दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात. माझ्या धड्यातलं कुटुंब गाव सोडून मोठ्या शहरात आलेलं.

वर्गात तो वाचून झाल्यावर दीपाली पाटील उठली. आमच्याच तालुक्याची, बोलायला फटकळ. "मॅडम, ही तर आपली आखाजी." वर्ग हसला. मीही हसले. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही ट्रस्टींना दाखवणार ना, त्या दिवशी मी नसेन. आम्ही सगळे गावाला. आखाजीच आहे ना त्या दिवशी."

खानदेशातली बाई, आणि आखाजीच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असणार हे मला कळू नये? एकेकाळी माहेरी झोक्यावर बसून मी आखाजीचे दिवस मोजायची. आता मोबाइलमध्ये फक्त शाळेचं कॅलेंडर.

तेवढ्यात दीपालीचा पुढचा प्रश्न आला. "मॅडम, त्यांनी घर बदललंय ना? मग मेलेल्यांना नवीन घर सापडतं कसं?" पाकळ्यांच्या वाटेवरून, मी म्हटलं. तिला काही ते पटलं नाही.

तारीख बदलायला मी दोनदा प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेले. ट्रस्टींना दुसरा दिवस जमत नव्हता. घरी मायला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. मग म्हणाली, "तू तुनी शाळा कर. मी एकली जासू." तू तुझी शाळा कर, मी एकटी जाईन. तिला एकटीला गाडीत बसवायची माझी हिंमत नव्हती आणि थांब म्हणायचं तोंड नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी मेक्सिकोचं सांगितलं, दीपालीचा प्रश्नही सांगितला. मायनं नाक मुरडलं. "आपले लोक फुलं बघत येतस का? इचारत इचारत येतस."

नंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आखाजीच्या सकाळी मी निघाले तेव्हा ती आंघोळीला गेली होती. पलंगाखाली वाकून पाहिलं, पिशवी नव्हती. नवरा पहाटेच ड्यूटीवर गेलेला, मुलं झोपलेली. शाळेचा रस्ता मी कसा चालले ते मला आठवत नाही.

वर्गात निम्मे बाक रिकामे. ट्रस्टी मागे बसले, प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे बघेनात. मी तयार केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि खरं तेच सांगितलं, की आज अर्धा वर्ग आपल्या माणसांना पाणी द्यायला गावी गेलाय, आणि समुद्रापलीकडेही असंच करणारे लोक आहेत. मग मेक्सिकोचा धडा वाचला. ओडिशाचा एक मुलगा त्यांच्याकडे काय करतात ते सांगायला लागला. एक मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध, आमच्यात घागर नसते. पण आजोबांच्या स्मृतिदिनाला त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो, आणि पप्पा त्या दिवशी लवकर घरी येतात." बोलता बोलता तास संपला. ट्रस्टी म्हणाले, चालशे, फक्त युरोपातला एखादा देश घाला. म्हणजे कोर्स माझा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी पर्स उचलली आणि घराकडे जवळजवळ पळतच सुटले.

जिन्यातच सांजोऱ्यांचा वास आला. दार उघडं होतं. मायची पिशवी दारामागच्या खुंटीला टांगलेली, पार रिकामी. कपाटाच्या कप्प्यात तिची लुगडी. खोलीच्या मध्यावर नवी लाल घागर, आपल्याच नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली, वर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. ही घागर आमच्याकडे पुरुष भरतात. मायनं स्वतःच भरली होती. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि परगावाहून येणाऱ्या पाहुण्याला समजवावं तसं हळूहळू सांगत होती.

"अमळनेरले गाडीमा बसा. नंदुरबार जाई, नवापूर जाई, मंग बारडोली. उधनालेच उतरा, सुरतलोंग जाऊ नका. भाईर पानवाला शे, आपला धरणगावना. त्याले इचारा, मास्तरीणबाईनं घर कोठे शे. तो सांगी." मग तिनं घागरीवर हात ठेवला. "या. आठलं पानी गोड शे. मी पी ऱ्हायनू."

मी चप्पल न काढता दारातच उभी. रडू आवरत नव्हतं. मायनं सगळं बरोबर सांगितलं होतं, एवढंच राहिलं होतं, ते मी सांगितलं.

"तिसरा माळा, नाना. दार उघडंच शे."