नथ्थूभाऊचा गोल वातीचा लंप

आमच्या गावात मयत झाली का पहिले दोन जागी माणूस धाडत. एक, बांबू तोडाले. दुसरा, नथ्थूभाऊच्या घरी लंप आणाले.

चामोर्शीवरून मार्कंड्याच्या रस्त्याले लागलं का वैनगंगेच्या अंगानं जे गाव येते, ते आमचं. जिथी जीव गेला तिथी दहा दिवस दिवा ठेवाचा, हे सगळीकडंच आहे. जाणाऱ्याले रस्ता दिसला पाहिजे. पण आमच्या गावात पणतीचं काम नाई. घरं कुडाची, दारं फटीची, नदीवरून वारा सुटला का पणती गेलीच समजा. आन दिवा विझला तं दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून धराचे, असा गावचा कायदा. एका घरी असं दोनदा झालं होतं म्हणतात. घरवाले दिव्याले भिऊन गेले, मेलेल्याले विसरले. तवापासून नथ्थूभाऊचा लंप.

नथ्थूभाऊ जवानीत माजरीले गेला होता, कोळशाच्या कामावर लागाले. काम काही भेटलं नाई. स्टेशनाबाहेर एक म्हातारा मिस्त्री कंदील दुरुस्त करत बसे, त्याच्याजवळ हा बसला. सुरुवातीले बसाले सावली होती म्हणून बसला, मंग हात चालाले लागला. मिस्त्री मेल्यावर त्याची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गावाले आला. पेटीत बर्नर, चाव्या, काच ज्यात बसते त्या बसण्या, वातीचे गुंडाळे. आन एक पितळी लंप. चामोर्शीच्या बाजारात गोणा टाकून बसे. मार्कंड्याच्या जत्रेत बसे. सारा मुलूख त्याच्याजवळ येई, कारण काच फुटली तं कुठीही भेटे, पण बर्नरची चावी घासली तं नथ्थूभाऊशिवाय कोणी नाई.

आता लंप कसा, ते सांगतो. साध्या कंदिलाची वात पट्टीवानी चपटी राह्यते. याची वात गोल, शर्टाच्या बाहीवानी. बाहीच्या मधून नळी जाते, त्या नळीतून खालची हवा वर येते. नळीच्या तोंडावर पितळेची टोपी, वरून बंद, बाजूनं बारीक छिद्रं. वर आलेली हवा टोपीले अडते आन छिद्रातून चहूकडं ज्योतीवर जाते. म्हणून ज्योत फुलावानी पसरते, पांढरी जळते, हलत नाई. टोपी काढून पाहा, लांब लाल जीभ निघते आन घडीभरात काच काळी. सारा खेळ त्या टोपीचा.

पण लाइन आली, कंदील गेले. मंग राशनचं मातीतेलही बंद झालं. मयतीच्या घरी लोक झिरोचा बल्ब लावाले लागले. वायर ओढली, कोपऱ्यात बल्ब टांगला, झालं. लंप आणाले येणं बंद झालं. नथ्थूभाऊनं लंप पुसून फळीवर ठेवून देला. 

मागच्या वर्षी ताडोब्याकडचा एक लॉजवाला गाडी घेऊन आला. त्याले जुने लंप खोल्यांत टांगाचे होते, लंप होते पण सामान नव्हतं. पेटीतलं जेवढं जुळलं तेवढं घेतलं. एका लंपाले टोपी नव्हती. नथ्थूभाऊनं उठून आपल्या लंपाची काढून देली.

कांताबाई, त्याची बायको, दारातच होती. ती म्हणे, "आपल्या लंपाची काऊन देता जी?"

"आता कोन नेते आपला लंप," तो म्हणे.

पुसच्या थंडीत एका सकाळी कांताबाई घरातल्या मोरीजवळ भांडे घासता घासता भिंतीले टेकून बसली. शेजारची इंदुताई म्हणे, "काय वं, थकली काय?" तं कांताबाई बोललीच नाई. हातात राखेचा चोथा तसाच.

मी गेलो तवा तिले निजवलं होतं. बाया रडून राह्यल्या होत्या. नथ्थूभाऊ दरवाज्याजवळ उभा होता, बाजारात बस यायची वाट पाहत असल्यावानी. मी म्हटलं, "भाऊ, बसा." तं बसला. थोड्या वेळानं उठला, फळीवरून लंप काढला, पुसला, बर्नर खोललं आन पाहत राह्यला. टोपीची जागा रिकामी.

इंदुताई म्हणे, "तुमच्या अजयले यायले अजून वेळ हाये. बल्ब लावू का? मायाकडं हाये एक."

"नाई."

"मंग पणती लावू. दार लावून घेऊ."

"नाई," नथ्थूभाऊ म्हणे. "पत्रा पाहा कुठी."

पोरगा अजय माजरीकडं एका कंत्राटदाराची गाडी चालवते, बायको पुनमले घेऊन तिकडंच राह्यते. तो येईपर्यंत प्रेत उचलता येत नव्हतं. तेवढ्या वेळात नथ्थूभाऊनं टोपी केली. आत बाया कांताबाईले आंघोळ घालत होत्या, बाहेर हा डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापत होता. टॉर्चच्या सेलवर पत्रा गुंडाळला, कडा दुमडून ठोकल्या. कथलाचा डाग देला नाई, डाग आगीनं पघळते. दाभणानं छिद्रं पाडली. ठक, ठक, ठक. येणारे पाहुणे आधी आतमध्ये पाहत, मंग त्याच्याकडं.

पोचूबुवा आला. आमच्या गावात मरणाधरणाचं सगळं पोचूबुवा सांगते. काय कराचं, कोणी कराचं, कोणत्या हातानं. तो खाटेवर बसून म्हणे, "नथ्थू, बायको मेली तुयी. जरा आत जाऊन बस ना."

"हो," नथ्थूभाऊ म्हणे, आन ठोकत राह्यला.

बाहेर बाया कुजबुजल्या. "मानूस हाये का गोटा?" सुकरी म्हणून कांताबाईची चुलत बहीण आली होती, ती तं मोठ्यानंच म्हणे, "माया बहिनीनं जलमभर याच्या काचा पुसल्या, आन यानं एक आसू नाई टाकला."

पहिली टोपी बिघडली. छिद्रं मोठी झाली, ज्योत एका अंगानं चढली, काच काळी. त्यानं ती फेकली नाई, बाजूले ठेवली आन दुसरी केली. अजय आला, मायच्या पायावर पडून रडला, आन तवाच बाहेर दुसऱ्या टोपीवर ज्योत गोल बसली. पांढरी. इंदुताईच्या माळ्यावरच्या बाटलीतलं तेल होतं. नथ्थूभाऊनं लंप उचलून आत नेला, कांताबाई जिथी टेकली होती तिथी ठेवला. मंग म्हणे, "उचला."

तेलाचं मोठं कठीण झालं. पुऱ्या गावात कोणाजवळ मातीतेल नाई, आन सगळ्यांजवळ थोडं थोडं होतं. कोणाच्या पंपाजवळ, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या देवाच्या मागं. इंदुताई घरोघर फिरली, बाटल्या आल्या. एका बाटलीत फिनाइल निघालं. नथ्थूभाऊ एकेक बाटली उघडून वास घे, फडक्यातून गाळे, वेगळी ठेवे. एकानं डिझेल आणलं, तं त्यानं नुसती मान हलवली.

अजयनं चामोर्शीवरून बॅटरीचा दिवा आणला, कंदिलाच्याच आकाराचा. म्हणे, "बाबा, हे तेलाचं लफडं कशाले? हा लावून ठेवू. वारा येवो का काही येवो, विझतच नाई."

पोचूबुवा तिथीच होता. "आन चार्जिंग उतरली का?"

"मंग पुन्हा लावाची."

"तेवढा वेळ तुयी माय काय रस्त्यात उभी राहीन, अंधारात खांबावानी? माजरीले नेऊन चार्ज करून आनतं काय तिले?"

पुनमले हसू आलं, तिनं पदर तोंडात धरला. अजय चिडला, पण दिवा परत खोक्यात टाकला.

लंपात तेल भराचं म्हणजे जळता भरता येत नाई, भडका होते. पहिले लंपावरून बारकी चिमणी पेटवाची. ज्योत चिमणीत गेली का मंग लंप विझवाचा, भराचा आन चिमणीवरून पुन्हा लावाचा. असं केलं का दिवा विझला असं धरत नाईत, ज्योत तीच. हे काम नथ्थूभाऊ कोणाले करू देत नसे. वेळ होण्याच्या आधीच चिमणी घेऊन बसलेला राहे. टाकीले बोटानं टिचकी मारे आन आवाजावरून सांगे, अजून आहे. जेवण लंपाजवळ. निजणं लंपाजवळ. लोक सांत्वनाले येत, तो त्यांच्याकडं न पाहता ज्योतीकडं पाही. कोणी म्हणे, "भाऊ, लई चांगली बाई होती." तो म्हणे, "हो." कोणी म्हणे, "पान्याचं काय होते यंदा?" तो म्हणे, "हो."

इंदुताई मले म्हणे, "दहा दिवस होऊ दे. लंप उतरला का मानूस फुटन. आता लंपानं बांधून ठेवला हाये."

मलेही तसंच वाटत होतं.

नवव्या दिवशी दुपारी अजय दसव्याचं सामान आणाले चामोर्शीले गेला. पुनम हापशीवर. इंदुताई मागच्या अंगणात तांदूळ निवडून राह्यली होती. मी पत्रावळी घेऊन आलो होतो. अंगणातून आत पाहिलं तं नथ्थूभाऊ लंपासमोर बसलेला, हातात चिमणी. ज्योत बारीक झाली होती. मले वाटलं, आता चिमणी लावते. त्यानं लावली नाई.

ज्योत एका अंगानं तुटली. अर्ध्या बांगडीवानी राह्यली. मी चप्पल काढत होतो. म्हटलं, "भाऊ, तेल सरलं वाटते." तो पाहतच होता. अर्ध्या बांगडीचा एक ठिपका राह्यला, निळा. तो ठिपका वातीच्या गोलावर फिरत फिरत मागच्या अंगाले गेला. मी आत धावलो. तवापर्यंत धूर निघत होता.

"भाऊ!"

"विझला," नथ्थूभाऊ म्हणे.

चिमणी त्याच्या हातातच होती. हात मांडीवर. मी आवाज देला तशी इंदुताई आली, तिनं पाहिलं आन कपाळावर हात मारला. "उठले काऊन नाई हो भाऊ? समोर बसले होते ना?"

त्यानं टाकीले टिचकी मारली. रिकामी वाजली.

अजय आला. आम्ही सांगितलं. त्यानं पहिले दार लोटलं. "कोनी पाह्यलं काय? तुमच्याशिवाय?"

"नाई."

"मंग लावून टाकू. कोनाले समजते? पुन्हा दहा दिवस म्हनन तो बुढा, पोचूबुवा. माया मालक आता अजून दोन दिवसांच्या वर सुट्टी देत नाई, गाडी दुसऱ्याले देते. बाबा, लावू काय?"

"लाव," नथ्थूभाऊ म्हणे.

"तुम्ही म्हनसान तं."

"तुले लावाचा असन तं लाव."

अजयनं तेल भरलं, सांडलं, माचीस मारली. टोपी तीच, ज्योत गोल बसली. पहिल्यासारखीच पांढरी. इंदुताई तिच्याकडं पाहे ना.

दुसऱ्या दिवशी दसवा. वैनगंगेवर गेलो, मुंडण झालं, पिंड ठेवला. कावळा लवकर शिवला. सुकरीही आली होती, तिचा राग थोडा उतरला होता. घरी येऊन माणसं अंगणात बसली. मागं भात उतरला होता, वरणाले फोडणी बसली होती. पोचूबुवा लंप उचलाले आत गेला, कारण ते काम त्याचं. बाहेर आला तं लंप दोन्ही हातात, अजून जळता. खूश होता.

"पाहा," म्हणे. "पत्र्याची टोपी, पण दहा दिवस एकदाही नाई गेला. आजकाल कोनाचा टिकते? कांताबाईचं नशीब. नथ्थू, तुया हाताले मानलं रे."

"काल विझला होता," नथ्थूभाऊ म्हणे.

अजयनं मुंडण केलेलं डोकं खाली घातलं.

पोचूबुवाले समजलं नाई. "काय?"

"काल दोपारी. तेल सरलं होतं."

"तू कुठी होता?"

"समोर होतो. चिमनी हातात होती."

"मंग लावली काऊन नाई?"

नथ्थूभाऊनं विचार केला. खरोखर विचार केला, मी पाहत होतो. "मालूम नाई," म्हणे.

 पोचूबुवाच्या हातात लंप तसाच, त्याच्या बोटाले चटका लागत असन, पण खाली कसा ठेवाचा ते त्याले सुचेना. जळता लंप आन मोडलेला कायदा, दोन्ही त्याच्या हातात. त्यानं अजयकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघंही दुसरीकडं पाहत होतो. "म्हनजे," तो म्हणे, "कायद्यानं तं आजपासून..."

"आजपासून काय?" इंदुताई मागच्या दारातून बाहेर आली, हातात उलथणं. "मनभर भात शिजला हाये. पाव्हने बसले हाये. तो कुत्र्याले घालू काय? तुमचा कायदा चारते काय यांले?"

"मी म्हनत नाई का भात टाका..."

"मंग बसा. लंप ठेवा खाली, हात भाजन."

पोचूबुवानं लंप ओट्यावर ठेवला. विझवला नाई, जळू दे म्हटलंही नाई, नुसता ठेवला. मंग अजयच उठला आन काचेवरून फुंकला. एका फुंकरीत नाई गेला, दोन माराव्या लागल्या. सुकरी रडाले लागली. तिच्यासंगं आणखी दोन-तीन बाया. आम्ही साऱ्यांनी नथ्थूभाऊकडं पाहिलं, इंदुताईनं तं उलथणं खाली ठेवून पाहिलं. वाटलं, आता फुटन.

पंगती बसल्या. पुनमनं सासऱ्याले पहिली पत्रावळ देली. नथ्थूभाऊनं हात धुतले, पण दहा दिवसांचं मातीतेल एका लोट्यानं निघत नाई. त्यानं भात कालवला तसा माझ्यापर्यंत वास आला, मी त्याच्या बाजूलेच बसलो होतो. भाताले, वरणाले, सगळ्याले तोच वास. मी म्हटलं, "भाऊ, पुनमले सांगतो, दुसरी पत्रावळ देइन. साबन लावून या."

"राहू दे," तो म्हणे.

आन जेवत राह्यला. पुनम वरण घेऊन आली, त्यानं वरण घेतलं. भात घेऊन आली, भात घेतला. सगळी पंगत उठली तरी तो जेवतच होता.