मामाच्या कॉम्प्युटरवरून

यंत्राला जेवढे सांगावे तेवढेच ते करते, असे मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे माझे दुकान आहे, वय चोपन्न. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कुणी कानावरही घेत नसे, वडिलांची शिकवणच तशी होती. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण यात माझा अपराध आहे, आणि तो वगळून नुसता अनुभव सांगणे मला जमणार नाही.

आमच्या धंद्यात एक खोड असते. गिऱ्हाईक पासवर्ड सर्वांदेखत मोठ्याने सांगते आणि पुढच्या खेपेला हमखास विसरून येते. म्हणून ‘लक्षात ठेवू का?’ असे कॉम्प्युटरने विचारले, की आम्ही न वाचताच होकार देतो. माझी भाची प्रज्ञा — खुटबावला दिलेल्या आक्काची मुलगी — अर्ज भरायला आली, तेव्हाही मी तसाच होकार दिला. तिचे खाते माझ्याकडे उघडे राहिले. दोन दिवसांनी ध्यानात आले, की ती स्वतःच्या मोबाइलवर जे शोधते ते माझ्या पडद्यावर उमटते आहे.

तत्क्षणी ते खाते बंद करायला हवे होते. मी वाचत राहिलो... रोज, दुकान उघडल्यावर, चहाच्याही आधी.

‘हैदराबाद लेडीज हॉस्टेल.’ ‘दौंड ते हैदराबाद गाडी.’ मी अर्थ लावला — पोरगी कुणाबरोबर तरी पळून निघाली. रविवारी सकाळी खुटबावला जाऊन दाजींच्या कानावर घातले.

दाजींनी तिचा मोबाइल ओट्याच्या कडेवर आपटला. प्रज्ञा रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, तुमाला कसं कळलं?”

मला सांगावे लागले.

“बुधवारी इंटरव्ह्यू हाय माझा, कंपनीत,” ती वडिलांना म्हणाली. “सिलेक्शन झाल्यावर सांगणार व्हते. आधी सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का, आप्पा?”

“आता तर न्हाईच न्हाई!” दाजी म्हणाले.

“बरं केलंस रं बाबा,” आक्का मला म्हणाली. “बहिणीला ईचारायचं तरी व्हतंस आधी.”

मोबाइलचे तुकडे फडक्यात बांधून मी शिरूरला आणले. दुरुस्तीवाल्याने पाहूनच हात जोडले, “काका, ह्याचं बोर्डच दोन ठिकाणी मोडलंय. आता पेटायचा न्हाई ह्यो.” संध्याकाळी दुकान उघडून तिचे खाते मी माझ्या हातांनी काढून टाकले. फडके खणात ठेवले.

सोमवारी सकाळी अकरा चाळीसला एका आजोबांचा अर्ज भरत असताना प्रज्ञाचे नाव पडद्यावर परत आले. त्याखाली एकच ओळ, समोर तिच्याच मोबाइलचे नाव आणि तीच वेळ —

‘मामाच्या कॉम्प्युटरवरून आपलं नाव कसं पुसायचं.’

मी खण उघडला. फडक्याची गाठ मी बांधली होती तशीच होती.

“काय झालं ओ? माझा फारम गेला का?” आजोबा विचारत होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ओळखीचा गृहस्थ म्हणाला, आधी लिहिलेले कधी कधी उशिरा येऊन पोचते. मलाही ते मानायचे होते. पण मी वाचतो आहे, हे प्रज्ञाला रविवारी कळले, आणि कळले तेव्हा तिच्या मोबाइलचे तुकडे झालेले होते. मग हे तिने लिहिले कधी, आणि कशावर?

बुधवार तसाच गेला. गुरुवारी मी खुटबावला गेलो. प्रज्ञा मागच्या बाजूला शेवंतीची फुले टोपलीत भरत होती. ती ओळ मी तिला सांगितली.

तिचा हात थांबला. “व्हय, ह्येच शब्द मनात व्हते,” ती हळू म्हणाली. “सोमवारी सकाळधरनं ह्येच घोळत व्हतं. पन लिहिणार कशावर, मामा?”

तिने टोपली बाजूला ठेवली.

“पुसलं का मग?”

“पुसलं.”

“आन् तुमी जे वाचलं, ते?”

आता प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते त्याच्या डोळ्यांदेखत बंद करतो, ‘लक्षात ठेवू का’ला नकार देतो. ती ओळ पुन्हा आली नाही. कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. प्रज्ञा अजून खुटबावलाच आहे. अर्ज भरायला ती आता दौंडला जाते.