मच्छरदाणीतले मामा

नागपुरात आमच्या साथरोगांच्या वॉर्डातून पेशंट बरा होऊन घरी जातो, किस्सा मात्र इथंच ठेवून जातो. मी डॉक्टर, आणि माझ्यासोबत हेडसिस्टर कुंदाताई. चहाला बसलो की एक तरी निघतोच!

*

डेंगूच्या पेशंटला चावलेला डास दुसऱ्याला चावू नये, म्हणून आम्ही त्याला मच्छरदाणीत ठेवलं. राउंडला गेलो, तर पेशंट बाहेर स्टुलावर, आणि भेटायला आलेले मामा मच्छरदाणीत आडवे!

"मामा, ती पेशंटसाठी आहे!"

"त्याले तर झालाच ना डेंगू! आता मले तरी वाचवा!"

*

स्वाइन फ्लूच्या पेशंटजवळ बसणाऱ्याला कुंदाताईंनी मास्क दिला. थोड्या वेळानं पाहतात, तर मधोमध गोल भोक!

"तंबाखूचा खर्रा टाकाले जागा केली, सिस्टर. बाकी मास्क पुरा आहे!"

*

नरखेडकडचे एक संत्रा बागायतदार. ताप उतरेना, किडनी बसत चाललेली. मला स्क्रब टायफसचा संशय. त्यात बारीक किडा चावतो तिथं काळी खपली धरते.

"अंगावर कुठे काळा डाग?"

"डॉक्टरसाहेब, मी पुराच काळा आहे. तुमाले कोणता पायजे?"

खपली काखेत सापडली. औषध लागू पडलं, आणि गृहस्थ खिचडीवर तर्री मागायला लागले!

*

कामठीचा एक जण खोकत आला. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. मी जपून सांगितलं, "घाबरू नका. गोळ्या न चुकता घ्या, बरे व्हाल."

"बरं. भावाले सांगतो."

"भावाला काय?"

"मले थुंकी आलीच नाही, सर. त्याले लय येते, म्हणून त्याचीच आणली!"

*

उमरेडची एक बाई, धनुर्वात. जबडा मिटलेला, जरा आवाज झाला की अंग कमानीसारखं ताठ. वाचेल की नाही, सांगता येत नव्हतं. अंधारी खोली दिली आणि नवऱ्याला बजावलं, आवाज होऊ द्यायचा नाही.

तो दारातून हलला नाही. कोणाची चप्पल वाजली की ओरडायचा, "चूप राहा ना बे! बायको बिमार आहे माही!"

आत तिला झटका!

कुंदाताई त्याला पार जिन्यापर्यंत सोडून यायच्या. तो जिन्यातून ओरडायचा.

कित्येक आठवड्यांनी जबडा सुटला. तिचे ओठ हलले, तसे आम्ही सगळे वाकलो. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून रडत होता, तोंडावर हात दाबून.

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता काहून चूप बसले जी तुमी?"