वाळ्याचं पाणी

एप्रिलमध्ये कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, की पहिल्या गार झुळकीबरोबर मला एक पाण्याची बाटली आठवते. मी तेव्हा इतवारीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला होतो. माझ्या शेजारी साड्या दाखवणाऱ्या ताई नंदनवन वस्तीतून यायच्या आणि घरून वाळा घातलेलं पाणी आणायच्या. दुपार झाली तरी त्यांची बाटली भरलेलीच असायची, म्हणून दोन उन्हाळे ती मीच रिकामी केली. ‘पी गा, मले तहानच लागत नाही,’ त्या हसून म्हणायच्या आणि मी खुशाल गटागटा प्यायचो. एका मे महिन्यात साड्यांच्या घड्या घालता घालता त्या ओटीपोट धरून खालीच बसल्या. मी त्यांना गाडीवरून दवाखान्यात नेलं. पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, ‘लघवीचं इन्फेक्शन आहे, मूत्राशयाला सूज आली आहे. पाणी पीत नाही ना? लघवी धरून ठेवता ना?’ बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, ‘जवळ पाणी असून तुम्ही काहून नाही पीत?’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुम्हाले गल्लीतली भिंत चालते. दुकानात बायाईले सोयच नाही, मी कुठं जाऊ गा? म्हणून पाणीच नाही पीत.’ मग औषधाची पहिली गोळी घ्यायला त्यांनी पिशवीतून बाटली काढली. ती रिकामी होती. आजही कूलर घर गार करतो, पण वाळ्याचा वास आला की माझा घसा कोरडा पडतो.