गळक्या कालव्याची विहीर

आमच्या वाडीत पाहुणा आला की त्याला आधी विहीर दाखवायचे, मग चहा विचारायचे. पोलादपूरकडून येणारा कालवा जिथे संपतो, त्याच्या खालच्या अंगाला ही विहीर. तिचा कठडा निळा, दर जयंतीला नव्याने रंगवलेला. त्या दिवशीचं सरबत याच पाण्याचं करायचं, असा वाडीचा दंडक. मी महाडला शाळेत शिकवते, राहतेही तिथेच, घरात नळ आहे, फिल्टर आहे. तरी रविवारी आईकडे गेले की परतताना एक बाटली या पाण्याने भरून घ्यायचे. शेजारणी हसायच्या. हसेनात का.

विहीर नव्हती तेव्हा वाडीचं पाणी वरच्या वाडीच्या विहिरीवरून यायचं. यायचं म्हणजे काय, तर विहिरीपासून लांब एका चिंचेखाली हंडा ठेवून उभं राहायचं. वरच्या वाडीतल्या कुणा बाईला दया आली की ती पोहरा आणून वरून ओतणार. आईने लग्नाचं पहिलं वर्ष त्या चिंचेखाली काढलं. माहेरीही तेच केलेलं, त्यामुळे नवल वाटलं नाही, राग मात्र आला. मग आमच्या पुरुषांनी दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून संध्याकाळी स्वतःची विहीर खणायला घेतली. बायका मातीची घमेली वाहायच्या. आईच्या पोटात तेव्हा मी होते, म्हणजे त्या कामावर मीही होते, असं मी सगळ्यांना सांगते. पाणी लागलं त्या दिवशी आई म्हणाली होती, "आता त्या चिंचेखाली परत पाय ठेवणार नाय." आणि तिने ठेवला नाही.

कालवा आला तेव्हा मी शाळेत शिकत होते. चार वाड्यांचा लहानसा मातीचा कालवा, आणि आम्ही त्याच्या शेपटाला. दिवाळीनंतर बंधाऱ्याचं दार उघडलं की वरची वाडी तिथे नारळ फोडायची, आणि आमच्या घराघरातलं एकेक माणूस फावडं घेऊन 'पाणी आणायला' जायचं. कोरड्या कालव्यातून पुढे माणसं, मागून पाणी. वाटेतला पालापाचोळा काढायचा, खेकड्यांची बिळं चिखल-पेंढ्याने बुजवायची, आणि रुसलेल्या पाहुण्याला घरी आणावं तसं पाण्याला चुचकारत पुढे न्यायचं. वडील संध्याकाळी ओल्या पायांनी परत यायचे. आई विचारायची, "कुठवर आला?" ते म्हणायचे, "सागापोत." साग आमच्या शेताच्या बराच अलीकडे होता. पाणी रोज तिथवर यायचं आणि बारीक होत होत जमिनीत जिरायचं.

शेताला पाणी मिळालं नाही, पण त्याच सुमाराला विहिरीचं पाणी वाढलं. आधी होळीला तळ दिसायचा, आता भर उन्हाळ्यात दोर निम्माच लागू लागला. आम्ही काय समजलो? आपल्या माणसांच्या घामाची विहीर, हिला पाताळातला झरा लागला! महाड तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की आमच्या माणसाचा आवाज आधीच चढतो. झऱ्याची गोष्ट तर आम्ही छाती काढून सांगायचो. मी तर शाळेतल्या पोरांनाही सांगितली आहे. कालवा हाकेच्या अंतरावर गळत होता आणि आम्ही पाताळाकडे बोट दाखवत होतो.

कालवा पक्का करा, हे मागणं आमच्या वाडीचं. वरच्यांना त्याची काही पडली नव्हती, त्यांच्या शेतात पाणी होतंच. कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्या आमच्या लोकांनी. शेवटी काँक्रीट झालं, अगदी शेपटापर्यंत. पहिलं पाणी सुटलं त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आले होते. फावडी घेऊन पुढे गेलेल्यांना पाण्याने असं गाठलं की सगळे हसत, धोतर-पँट सावरत काठावर चढले. पाणी सागापाशी थांबलं नाही. ते आमच्या शेतात शिरलं. माझा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून रडला. त्याने महाडच्या कंपनीतलं कंत्राटी काम सोडलं आणि भावकीच्या तुकड्यात काकडी, चवळी लावली. वाडीत पेढे वाटले. आई पेढा खाऊन वर विहिरीचं पाणी प्यायली.

पुढच्या होळीला विहिरीचा तळ दिसला. वाटलं, यंदा पाऊस कमी. वाटलं, कुणी वर बोअर मारली. तरुणांनी उतरून गाळ काढला, झऱ्याचं तोंड शोधलं. झरा असता तर सापडला असता. कालव्याच्या कामावरचा एक साहेब आला होता, त्याने विहिरीत वाकून पाहिलं, मग कालव्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "तो गळत होता, म्हणून ही भरत होती. आता तो गळत नाही." माझे काका त्याच्या अंगावरच गेले, "म्हणजे आमची विहीर नायच? इतकी वर्सं आमी गळतीचं पीत होतो?" साहेब गाडीकडे वळला. त्याचा काही दोष नव्हता. मला मात्र कुणीतरी घरातलं दार काढून नेल्यासारखं वाटलं.

नळयोजनेचे नळ वाडीत आहेत, त्यांच्यावर नुसत्या चिमण्या बसतात. भाऊ मोटारसायकलवर कॅन भरून आणू लागला. कुठून आणतो ते आईने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण ती पाणी कमी प्यायला लागली, हे माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणायची, "तहान लागत नाय गो आताशा."

या वैशाखातला एक रविवार. मी सकाळच्या गाडीने पोचले तर घराला नुसती कडी. विहिरीच्या बाजूने ठण ठण आवाज येत होता. जाऊन पाहते तर आई कालव्याच्या काठावर बसून पहारीने काँक्रीट फोडत होती. विहीर खणतानाची पहार. म्हातारीच्या हाताने काय फुटणार, टवका उडाला होता एवढंच. शेतातून भाऊ धावत आला.

"आये, काय करतेस? फुटला तर माझं पाणी जाईल."

"थोडा गळू दे रे. बोटभर. पयल्यासारखा."

"बोटभर भोक बोटभर राहतं काय? शेपटाला पाणी पोचायचं नाय. काकडी जळंल, आये. मी कंपनी सोडली हाय."

आईने पहार खाली टेकवली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोघांच्या मधे उभी, आणि मला दोघांचंही पटत होतं. आईने पहार त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "तो टवका लिंपून टाक. चीर जाईल त्याला."

मग घरी येऊन तिने कळशी घेतली. भाऊ मागून म्हणाला, "मी कॅन आणतो, तू नको जाऊ." ती म्हणाली, "तू किती दिस आणशील? विहीर गेली, माझे पाय हायत अजून." मला वाटलं, बरं झालं, आता तरी ती चिंचेची गोष्ट संपेल. दिवस बदललेत. वरच्या वाडीच्या विहिरीवर आता कोण कुणाला अडवतं? भाऊ रोज तिथूनच भरायचा. मी तिच्याबरोबर निघाले.

रस्ता रुंद झाला तेव्हाच ती चिंच गेली होती. आता तिथे खडी पडलेली आहे. विहिरीवर एक तरुण सून पाणी ओढत होती, मुंबईहून लग्न होऊन आलेली असावी. आम्हाला पाहून ती हसली. मी पुढे गेले, रहाटाचा दोर हातात घेतला आणि मागे वळून पाहिलं.

आई आलीच नव्हती. खडीपाशी थांबली होती. कळशी जमिनीवर ठेवलेली, आणि स्वतः तिच्यापासून थोडी मागे सरून, पदर सावरून उभी.

"आजी, तिकडे लांब का थांबलात? या ना इकडे," सून म्हणाली.

आई हलली नाही. पोरीला वाटलं असणार, म्हातारीचे पाय दुखत असतील. चांगल्या मनाची होती बिचारी. तिने आपली भरलेली बादली उचलली, चालत खडीपर्यंत गेली आणि वरून आईच्या कळशीत पाणी ओतलं. कळशी भरेपर्यंत आई मान खाली घालून उभी होती.

"उपकार झाले गो बाय," आई म्हणाली.