घराला लावलेली खोड

हौसाला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोला. म्हणजे मग कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिला सोडून मी बोलायचो तरी कुणाशी? आता ती गेली. घर रिकाम्या हंड्यासारखं वाजतंय. तुम्ही बसलायसा, तर तुम्हालाच सांगतो.

मी बिद्रीकडचा. शाळा नावापुरती. बैलांचा व्यापार केला सगळा जन्म. बैल घेताना आमची एक रीत — जनावर कितीही आवडू दे, तोंडानं चांगलं म्हणायचं नाही. चारी बाजूंनी फिरायचं आणि खोड काढायची. पाठीवर केसांचा वाईट भोवरा आहे, चाल तिरपी आहे. खोड नसली तर? नसली तरी काढायची. मालक जरा नरमला, की मग रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव बोलायचा.

कोल्हापुरात पेठेत घर घ्यायचं ठरलं, तेव्हा मला येत होतं ते एवढंच.

घर अक्कांचं. विधवा बाई, घर विकून नेसरीला भावाकडं जाणार होत्या. दारात रामफळाचं झाड. आणि आत ती मधली खोली — अजून स्वप्नात येते माझ्या. पिवळ्या भिंती, आणि खिडकीतून ऊन असं आत येत होतं, की कुणी ताकाची धार सोडलीय. सोडलीय आणि विसरून गेलंय.

हौसाला मी वाटेत बजावलं होतं, "तोंड मिटून बघायचं." ती मिटते कुठली! खोलीत गेली आणि म्हणाली, "आई गं, किती उजेड हाय वो हितं!"

झालं. अक्का हसल्या. भाव तिथंच चढला. पैसे कमी होते म्हणून मी पुढचं केलं, असं म्हणता येईल. पण ते खरं नव्हे. मला हरायचं नव्हतं — बाईमाणसाकडून तर नव्हतंच.



कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं मी आधीच चौकशी केली होती. जनावराची करतो तशी. तो म्हणाला होता, अक्कांची एकुलती एक लेक, बारकी, तापानं त्या मधल्या खोलीतच गेली. म्हणजे मला माहीत होतं. हे विसरू नका — मला माहीत होतं.

मी भिंतीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. म्हणालो, "अक्का, हितं कोण तरी रडतंय. बारकं पोर हाय."

का म्हणालो? भोवरा दाखवतात तसा दाखवला, दुसरं काय! बाई घाबरेल, गावात बभ्रा नको म्हणून भाव सोडेल, असं वाटलं.

अक्का घाबरल्या नाहीत. जवळ आल्या आणि माझा हात धरला. "तुमाला ऐकू येतंय? मला कदीच न्हाय आलं वो पावणं. हाय व्हय ती अजून हितं?"

तेव्हा खरं बोलायला पाहिजे होतं. मी होय म्हणून मान हलवली.

मग त्यांनी आपणहून भाव उतरवला. मी मनात धरला होता त्याच्याही खाली. म्हणाल्या, "तेवढा सांजचा दिवा लावत जावा तिच्यापाशी. अंधाराला लई भ्यायची." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, बघू. त्यावर भाव आणखी थोडा खाली ओढला.

हौसा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि खरं मानलं.

आम्हाला मूल झालं नाही. हौसा सांजच्याला दिवा लावायची, तिथंच गहू निवडत बसायची आणि बोलायची. "बाळे, रामफळ पिकलंय बघ. पाखरांनी ठेवलं तर तुला." मध्येच गप्प व्हायची, कुणी उत्तर देत असल्यासारखी. बाहेर कट्ट्यावर बसून मीही कान द्यायचो. माझं खोटं माझ्याच घरात नांदत होतं आणि माझी बायको त्याची वेणी घालत होती.

दर दिवाळीला अक्का नेसरीहून यायच्या, परकराचं कापड घेऊन. माप दर वर्षी तेच. पोरगी वाढत नव्हती ना. दोघी मिळून ते कापड त्या खोलीत ठेवायच्या, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायचो. मग एका दिवाळीला अक्का आल्या नाहीत. त्यांच्या भावाचा निरोप आला.

हौसा अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "दिवा लावा. ती एकटी ऱ्हाईल." लावतो म्हणालो. मग माझ्याकडं बघत राहिली. "तुमाला येतंय न्हवं ऐकू? मला कदीच न्हाय आलं वो."

तेव्हा तरी सांगायचं होतं? का तेव्हा तर नाहीच? "येतंय की," मी म्हणालो. ती हसली.

परवा एक जोडपं घर बघायला आलतं. पुतण्या म्हणतो, घर विकून टाका आता. त्यातली बायको मधल्या खोलीत उभी राहिली, उन्हात, ओठ दाबून — तिलाही कुणी तरी बजावलं होतं. नवरा म्हणाला, "आजोबा, दिवा कशाला ठेवलाय हितं? घराला काय खोड न्हाय न्हवं?"

"काय न्हाय हितं," मी म्हणालो. "कोण बी न्हाय."

खरंच बोललो. आणि अक्का, हौसा, ती बारकी — तिघींना घराबाहेर काढल्यासारखं झालं.

ती दोघं गेली. ऊन भिंतीवरून उतरलं. मी दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, आणि भिंतीला कान लावला.

काही ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.