डोकेदुखीवरचे थेंब

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझं डोकं फार दुखायचं. मी सतरा वर्षांची, अमरावतीच्या वकिलाची मुलगी, अकोल्यात दिलेली. यजमान नागपूरला डॉक्टरी शिकत होते, सुटीत घरी आले होते. दुपारची जेवणं झाली की मला बोलावून पाण्यात थेंब घालून द्यायचे आणि समजावून सांगायचे.

"पोटात गेलेलं औषध आतड्यातून रक्तात जाते. पण वाटेत यकृत लागते, ते त्यातलं काही खाऊन टाकते. म्हणून गुण यायले वेळ लागते. सुईनं कातडीखाली दिलं, तं लवकर लागू पडते."

त्या घरात माझ्याशी इतकं कोणी बोलत नसे. बोलता बोलता ते माझं मनगट धरून बसत. सासूबाई आत आल्या तरी सोडत नसत. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

चौथ्या दिवशी त्यांनी सुई दिली. थोड्याच वेळात तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली. तांदूळ निवडायला बसले तर खडे दिसेनात.

"काहून वं, दिसून नाही राहिलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"ऊन लागलं असंल," मी म्हटलं. डोकं दुखतच होतं.

दोन दिवसांनी यजमान मूर्तिजापूरला मित्राकडे गेले. त्यांचे सदरे पेटीत ठेवताना एक वही हाती लागली. वडिलांनी घरी शिकवलेलं इंग्रजी होतं, म्हणून अक्षरं लावत वाचली. 'स्त्री, वय सतरा, प्रकृती उत्तम.' खाली औषधाचं नाव, बेलाडोना. तोंडावाटे दिल्यावर नाडी किती मिनिटांनी वाढली, सुईनं किती, डोळ्यांच्या बाहुल्या केव्हा मोठ्या झाल्या. डोकेदुखीचा शब्द कुठेच नव्हता. मी तीनदा पाहिलं.

ते परतल्यावर वही पुढे ठेवली. "हे डोकेदुखीचं औषध होतं का?"

"डोकं दुखणं तं आपोआप थांबते. मले परीक्षेसाठी पाह्याचं होतं."

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तं तू भ्याली असती. मंग नाडी भेवानंच वाढली असती." ते शांतपणे म्हणाले. त्यांना ते खरंच पटलेलं होतं.

मी माहेरी गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, अशिलाचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "नवऱ्यानं दिलं, तू घेतलं. अपाय तर झाला नाही ना?" आठव्या दिवशी त्यांनीच मला बडनेरा स्टेशनवर अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. फलाटावर ते माझ्याकडे न पाहता गार्डाशी बोलत उभे राहिले.

यजमान पुढे नावाजलेले डॉक्टर झाले. खेड्यापाड्यातून माणसं त्यांच्याकडे येत, हात जोडून जात. मी कधी भांडले नाही. मात्र ताप आला तरी घरात कुणाला कळू देत नसे, अंगावर काढत असे. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, आमची सून काही आजारी पडत नाही.